शालनचा सोमवार

"सोमवारी काय खाल्लं?" डॉक्टर बर्गेबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"गुरुवारी?"

"काही नाही."

"शनिवारी?"

"शनिवारीही नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या बायकोकडं पाहिलं. शालन समोरच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. वजन अठ्ठ्याहत्तर किलो.

वहीत मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. एकतीस वर्षं एसटी चालवली होती आणि नोंद चोख ठेवायची सवय हाडात मुरली होती. कोरेगावातल्या या बाईंनी, शालनला साखर निघाल्यावर, महिनाभर खाणं आणि सकाळची साखर लिहून आणायला सांगितलं होतं. मी आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता केला. बोटातून रक्त काढून साखर मोजायचं यंत्र मुलानं पुण्याहून पाठवलं होतं. सोमवार, गुरुवार आणि शनिवार या तीन रकान्यांत खाण्याच्या जागी मी रेघ ओढली होती.

"काका, हे बघा," बाई म्हणाल्या. "रविवारी जेवल्या, सोमवारी सकाळी साखर एकशे नव्वद. सोमवारी काही खाल्लं नाही, मंगळवारी सकाळी तीनशे बारा. काही न खाता साखर वाढते कशी?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारणार होतो," मी म्हणालो.

बाई गावातल्याच. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "उपास असतो का?"

"व्हय," शालन म्हणाली.

"उपासाला काय काय असतं?"

"नेहमीचंच."

नेहमीचं म्हणजे काय ते शालननं सांगितलं. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, बरोबर बटाट्याची भाजी. चारला राजगिऱ्याचे लाडू, दोनच. मधूनमधून चहा. रात्री रताळ्याच्या गोड फोडी, कारण दिवसभर पोटात काही नसतं.

"आणि हे तुम्ही लिहिलं नाही?"

"तुम्ही जेवण लिहायला सांगितलं होतं," मी म्हणालो. "हे उपासाचं."

मला त्यात आजही फारसं चुकीचं वाटत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरात होती, पण ती आम्ही शेजारच्यांसाठी वापरायचो.

"सोमवारचं काय?"

सोमवार शालनचा कडक होता. दिवसभर पाणीसुद्धा मोजकं. साखरेची गोळीही नाही, कारण गोळी गिळली की उपास मोडतो. दिवेलागणीला महादेवाला नमस्कार करून मग खिचडीचं एक ताट. ताट म्हणजे ताटच, ताटली नव्हे.

बाईंनी साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद पुढं ओढला. "मावशी, तुमच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आलेत. साखरेनं आलेत. आत्ता साखर खाली आणली तर आहे ती नजर टिकेल. गेली तर मात्र परत आणता येत नाही. तीन महिने देते."

मला गेल्या दोन महिन्यांतली गोष्ट आठवली. शालन वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून बारीक धावदोऱ्याची वाकळ, अशी की पंचक्रोशीतल्या बाळंतिणी तिच्याकडंच यायच्या. दोन महिने ती सुई मला ओवायला द्यायची. "हल्लीचा दोराच वंगाळ येतोय," म्हणायची. आणि मी एकदा बाजारात जाऊन दोरेवाल्याशी भांडूनही आलो होतो.

बाईंनी खाणं लिहून दिलं. दीड भाकरी, वाटीभर मूग नाहीतर मटकी, पालेभाजी दुप्पट, दही, एक अंडं, भात दोन घास. चहात साखर नाही. सकाळी अर्धा-पाऊण तास चालायचं, जेवल्यावर दहा मिनिटं अंगणात फेऱ्या. आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं, दिवसातून तीनदा.

"खुर्चीतनं उठल्यानं डोळं कसं बरं हुतील?" शालननं विचारलं. प्रश्न रास्त होता.

"या वयात मांड्यांचं मांस झिजतं, मावशी. साखर ओढून घेतं ते मांसच. त्याला काम दिलं नाही, तर साखर रक्तातच फिरत राहते."

"म्हणजे टाकी फुल आणि गाडी डेपोत उभी," मी म्हणालो.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. मला बरं वाटलं. शालनला वाटलं नाही.

"आणि सोमवार बंद," बाई शेवटी म्हणाल्या. "गोळी घेऊन उपाशी राहिलात तर चक्कर येऊन पडाल. गोळी नाही घेतली तर डोळे जातील. यात मधला रस्ता नाही."

घरी येताना रिक्षात शालननं देवांशी तडजोड सुरू केली. "दत्ताचा गुरुवार सोडते. दत्त काय म्हणायचा न्हाई." पुलाशी आल्यावर म्हणाली, "मारुतीचा शनिवारबी सोडते. त्यो ब्रह्मचारी, त्याला काय आपल्या सैपाकाचं." घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "सोमवार न्हाई सोडायची."

"का?"

"ते तुमाला कळायचं न्हाई."

तीन दिवस मी तिला समजावलं. आधी शांतपणे, मग आवाज चढवून. चौथ्या दिवशी मी अन्नसत्याग्रह केला. सकाळी नाश्त्याला नको म्हणालो, दुपारी पाट सरकवला. चार वाजता शालननं कांद्याची भजी तळून माझ्यासमोर ठेवली आणि काही न बोलता आत गेली. माझा सत्याग्रह भज्यांसकट संपला.

बाकी सगळं ती बिनतक्रार करत होती. दीड भाकरी म्हणजे दीड. अंगणात फेऱ्या घालताना तुळशीला वळसा घालून यायची, म्हणजे तेवढंच पुण्य. खुर्चीतून उठताना मोठ्यानं आकडे मोजायची आणि सातनंतर थेट दहा म्हणायची. पण सोमवार आला की चूल थंड, गोळी डबीत, आणि मंगळवारी सकाळी यंत्रावर तीनशे. दुसऱ्या सोमवारी ती भिंतीला धरून चालताना दिसली आणि मी पायात चपला सरकवल्या.

गावाबाहेर टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे. दोनशे बारा पायऱ्या. तिथला पुजारी केरबा गुरव माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि रोज दोनदा चढउतार करणारा. मी त्याला खालीच, पारावर गाठलं.

"शालनचा सोमवार सोडवायचाय," मी म्हणालो.

"तो नवसाचा हाय, डायवर. नवस मोडत न्हाई."

"कसला नवस?"

"ज्यानं बोलला त्यानं सांगायचा. म्या कसा सांगू?" केरबानं तंबाखू मळली. "पर हात बदलतो. घरातल्या दुसऱ्या कुणीबी तो सोमवार घेतला तर चालतं. द्येवाला कौल लावाया लागंल."

घरातलं दुसरं कुणी म्हणून मी विचार करू लागलो. मुलगा पुण्यात, कंपनीत. सून त्याच्याबरोबर, ती दर सोमवारी उपाशीच असते असं मुलगा म्हणायचा, पण ते वजनासाठी. मुलगी सासरी नांदत होती, म्हणजे तिचं घर दुसरं. मग आमच्या घरात मीच उरत होतो. मला सकाळी आठला पोहे, बाराला जेवण, चारला काहीतरी चमचमीत आणि आठला पुन्हा जेवण लागायचं. पोटाचा घेर एवढा की निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं स्टिअरिंग त्याला घासायचं.

"कौल उजवाच पडेल असं काही करता येतं का?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"डायवर, तुमी गाडीत बिगर तिकिटाचा माणूस घेत हुता का?"

"ते कंडक्टरचं काम."

"मग ह्ये द्येवाचं काम," केरबा म्हणाला.

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही टेकडी चढलो. शालन आठ-नऊ वर्षांत वर गेली नव्हती. गुडघ्यांमुळं खालूनच हात जोडायची. तिनं पंधरा दिवस खुर्चीतून उठून पाहिलं होतं म्हणून म्हणा, पण ती वीस-वीस पायऱ्यांवर थांबत होती आणि मी दहा-दहावर. शंभराव्या पायरीपाशी मी बसलोच. तिथून घाट दिसतो. घाट दिसला की मी म्हशीची गोष्ट सांगतो, आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून शालनलाच सांगितली. सत्तेचाळीस पॅसेंजर, उताराचा रस्ता, वळणावर आडवी आलेली म्हैस. डावीकडं दरी. मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पॅसेंजरांतल्या कुणाला ओरखडासुद्धा नाही, म्हैसही धड. मी एकटा सतरा दिवस साताऱ्याच्या दवाखान्यात बेशुद्ध.

"डॉक्टरांनी सोडून दिलं होतं," मी म्हणालो. "पण हात स्टिअरिंगवर पक्का होता म्हणून वाचलो. दुसरा कुणी असता तर गेला असता."

"व्हय," शालन म्हणाली. ती गोष्ट तिनं तीस वर्षांत किती वेळा ऐकली असेल याचा हिशोब नाही, आणि दर वेळी तिनं व्हयच म्हटलं होतं. "उठा आता."

गाभाऱ्यात पिंडीमागं भैरोबाचा उभा पाषाण आहे. कौल त्याला लावतात. केरबानं कण्हेरीची दोन पांढरी फुलं पाण्यात बुडवली आणि पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना एकेक चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं तर नकार, आणि वर्षभर परत विचारायचं नाही.

"उजवं म्हणजे कुणाचं उजवं?" मी विचारलं.

"द्येवाचं. तुमचं कोण इचारतंय?" केरबानं शालनकडं तोंड केलं. "बाई, नवस काय हुता ते सोत्ताच्या त्वांडानं सांग. त्याबिगर कौल लागत न्हाई."

शालननं माझ्याकडं पाहिलं नाही. पिंडीकडं बघत ती सरळ आवाजात म्हणाली, "माझा मालक दवाखान्यात पडलाय. त्यो उठून बसू दे. त्यो हाय तवर मी दर सोमवारी निरंकार उपास धरीन. म्या धरला. त्यो उठला."



तीस वर्षं. वर्षाचे बावन्न धरले तर पंधराशेच्या वर सोमवार. त्यातल्या दर सोमवारी मी तिच्यासमोर बसून दोन्ही वेळा पोटभर जेवलो होतो, आणि कित्येकदा वाढताना तिला म्हणालो होतो, तुम्हा बायकांना उपासाचं भारी वेड. तिनं सोमवार सोडला तर मी मरणार, असा तिचा हिशोब होता. तिचे डोळे एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, आणि तिनं डोळे द्यायचं ठरवून टाकलं होतं, कुणाला न विचारता. मला लाज वाटली. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

"मालक, तुमी ह्यो सोमवार घेणार?" केरबानं विचारलं.

"घेणार," मी म्हणालो.

मग आम्ही वाट पाहत बसलो. फुलं पडेनात. अर्धा तास गेला, तास गेला. बाहेर शेरडं देवळाच्या आवारात शिरली आणि बेलाच्या रोपाला लागली, तेव्हा केरबा काठी घेऊन त्यांच्यामागं धावला. शालन हात जोडून, डोळे मिटून बसली होती. मी पाषाणाकडं एकटक बघत होतो.

डावं फूल हललं.

पाषाणापासून सुटून किंचित खाली घसरलं आणि पाण्याच्या थेंबावर अडकून राहिलं. एक थेंब ओघळला असता तर संपलं होतं. वर्षभर विचारायचं नाही, आणि बाईंनी तीन महिने दिले होते.

मी देवधर्म फार मानणारा नव्हतो, पण देवळात लबाडी करणाराही नव्हतो. मी गुडघ्यांवर पुढं सरकलो. देवाचं उजवं म्हणजे माझं डावं, हे मनात दोनदा घोकलं, कारण तिथं चूक झाली असती तर दुरुस्तीला जागा नव्हती. मग डाव्या फुलाकडं वारं जाऊ नये म्हणून मध्ये तळहात धरला आणि उजव्या फुलावर फुंकर मारली.

पहिल्या फुंकरीनं काही झालं नाही. दुसरीनं फूल टप्पकन पिंडीवर पडलं.

मी जागेवर येऊन हात जोडले. केरबा धापा टाकत आत आला, वाकून बघितलं आणि ओरडला, "उजवा! बाई, द्येवानं उजवा दिला!"

शालननं डोळे उघडले. पडलेल्या फुलाकडं बघितलं, मग पाषाणाला नमस्कार केला. खाली उतरेपर्यंत ती एवढंच म्हणाली, "आजपास्नंच हाय बरं का तुमचा. घरी जाऊन पवं मागू नका."

त्या पहिल्या सोमवारचं फार सांगत नाही. दुपारी बारा वाजता मी अंगणात होतो, एक वाजता पारावर, दोन वाजता पुन्हा अंगणात. शालन आत बसून दीड भाकरी खात होती. तीस वर्षांनी सोमवारी दुपारी जेवताना तिला घास गिळवत नव्हता. मी दारातून सांगितलं, "खा. मी जिवंत आहे." तिनं गोळीही घेतली. दर दहा मिनिटांनी मात्र बाहेर येऊन माझ्याकडं बघून जायची. मी मरतो का ते बघत होती. मलाही तीच शंका होती, पण ती भुकेपोटी.

बर्गेबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला साखर नाही, गोळ्या नाहीत. आठवड्यात एक दिवस पोट रिकामं राहिलं तर बिघडत नाही. पाणी प्या. रात्री दही, शेंगदाणे, एखादं फळ घ्या. साबुदाणा नको." सोमवारचा उपास गेला म्हणून शालनला देवापुढं मोकळ्या हातानं राहवेना, तिनं उपासाऐवजी दर सोमवारी टेकडी चढायचं ठरवलं. ती एकटी कशी जाणार म्हणून मीही.

तीन महिन्यांनी बाईंनी रक्ताची वेगळी तपासणी करून तीन महिन्यांची सरासरी साखर बघितली; ती टक्क्यांत मोजतात. साडेदहा होती ती सातावर आली होती. साताऱ्याला एकदा डोळ्यांवर लेसर मारावा लागला, पण नवा ठिपका नव्हता. शालनचं वजन सहा किलो उतरलं होतं. माझं मोजायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी उभा राहिलो. नऊ किलो. बाईंनी माझी वही उघडली आणि सोमवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. शालनच्या पानावर भाकरी, मूग, मेथी लिहिलं होतं. माझ्या पानावर रेघ होती.

"काका, ही रेघ खरी ना?"

"या खेपेला खरी," मी म्हणालो.

याला आता चौदा वर्षं झाली. केरबा गुरव गेला, त्याचा पुतण्या पूजा करतो. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि म्हशीची गोष्ट सांगायची सोडली आहे. फुंकरीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. देवाला फसवून घेतलेला उपास देव मोजतो का, हा प्रश्न मला अधूनमधून पडायचा, विशेषतः सोमवारी चार वाजता.

गेल्या सोमवारी टेकडीवरून आल्यावर शालन ओसरीवर वाकळ घेऊन बसली. नातवाला मुलगी झाली आहे, तिच्यासाठी. तिनं सुई उजेडाकडं धरली आणि एका दमात ओवली. मी बघत होतो.

"त्या दिशी दोनदा फुंकलंसा," ती सुईकडं बघत म्हणाली.

मी खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"पयली फुंकर वाया गेली. मग हात मधी धरून दुसरी मारली. माजं डोळं अदू झालं हुतं, गेलं नव्हतं."

"तू तर डोळे मिटले होतेस."

"निम्मं."

"मग बोलली का नाहीस? कौल खोटा पडला होता, शालन. मी पाडला होता."

"खोटा कशानं?" तिनं दोऱ्याला गाठ मारली. "द्येवाला काय इचारायचं ते म्या तीस वर्षं इचारत हुते. त्या दिशी म्या तुमास्नी कौल लावला हुता."

ती टाके घालू लागली. चार वाजले होते. पोटात कावळे ओरडत होते. मी म्हणालो, "म्हणजे आता मी सोमवार सोडला तरी चालेल?"

"सोडा की," शालन म्हणाली. "मग मला धराया लागंल."

मी उठलो, आत गेलो आणि माठातलं तांब्याभर पाणी प्यालो.